पाकोळीच्या शोधात माळेगाव

गुरुवार : छत्रपती संभाजीनगर ते अंबाजोगाई

माळेगावला जायचं तर मार्गशीर्षातल्या अमावस्येच्या आत पोचायला हवं. खंडोबाची देवस्वारी निघते तेव्हा यात्रेला भर येतो आणि पुढचे चार-पाच दिवस जनावरांचा बाजार तेजीत असतो. मला घोडेबाजार पाहायचा होता. खरं तर त्याहून नेमकं काही पाहायचं होतं. माझी पहिली घोडी पाकोळी याच बाजारातून आमच्या घरी आली होती. तिच्या चणीची, तिच्या चालीची घोडी आज तिथे उभी असेल का, हे पाहायला मी निघालो होतो. सोबत अक्का हवी होती. पाकोळी जेवढी माझी, तेवढीच तिची, आणि रपेट तिची माझ्याहून कितीतरी चांगली. म्हणून आधी अंबाजोगाई गाठायचं ठरवलं.

शहागडच्या पुलावर गाडी बाजूला घेतली. गोदावरीला या दिवसांत बेताचं पाणी असतं. याच काठावर गेवराई तालुक्यात राक्षसभुवन आहे. 10 ऑगस्ट 1763 रोजी माधवराव पेशव्यांनी तिथे निजामाची फौज गाठली. निजामअली निम्मी फौज घेऊन नदीपार गेला होता, पाणी चढलं होतं, आणि अलीकडच्या काठावर अडकलेल्या फौजेसह त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर मारला गेला. लढाई शाळेत सगळेच शिकतात. मला तिथे घोडी आठवतात. भर श्रावणात, काळ्या रानातल्या गुडघाभर चिखलातून मजला मारत आलेली. त्यांतली बहुतेक दख्खनी, बुटकी, काटक. शिलेदार स्वतःचं घोडं घेऊन यायचा आणि बारगिराला सरकारी घोडं मिळायचं, एवढं आपण वाचतो. ते घोडं दिसायला कसं होतं, खात काय होतं, हे फार कुणी लिहीत नाही.

बीड, मांजरसुंबा, केज करत संध्याकाळी अंबाजोगाई. अक्का अंगणात उभी होती. चहा घेता घेता म्हणाली, "या गावात घोड्यांची छावणी होती, ठाऊक आहे ना?" निजामाच्या काळात अंबाजोगाईला मोमिनाबाद म्हणत आणि हैदराबाद कंटिंजंटचं, म्हणजे निजामाच्या खर्चाने ठेवलेल्या इंग्रजांच्या हाताखालच्या फौजेचं, घोडदळ इथे असे. ते रिसालेही शिलेदारी पद्धतीचेच, म्हणजे स्वाराने घोडं आपलं आणायचं. पुढे त्याच परंपरेतून डेक्कन हॉर्स ही पलटण झाली. 14 जुलै 1916 रोजी फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत हाय वूडपाशी ती भाले घेऊन मशीनगनवर चालून गेली. आज त्या पलटणीकडे रणगाडे आहेत. अक्का हे सगळं घरातल्या माणसांबद्दल सांगावं तशा सुरात सांगते.

शुक्रवार : माळेगाव

पहाटे निघालो. घाटनांदूर, किनगाव, अहमदपूर. अहमदपूर सोडलं की लातूर-नांदेड रस्त्यावर लोहा तालुक्यात माळेगाव लागतं, पण यात्रेच्या दिवसांत गाव लागण्याआधी यात्राच लागते. रस्त्याच्या दोन्ही अंगांना पालं, उंट, गाढवं, कुत्री, घुंगरमाळांची दुकानं, भंडाऱ्याचे पिवळे ढीग. देवळाकडून "येळकोट येळकोट जय मल्हार" ऐकू येत होतं. खंडोबा घोड्यावर बसणारा देव. त्याच्या दारात घोड्यांचा बाजार भरतो यात नवल ते काय! देवाला बेल-भंडार वाहिला आणि सरळ घोड्यांकडे वळलो.

रांगाच रांगा. पुढचे पाय अगाडीत, मागचे पछाडीत, अंगावर झुली, कपाळावर गोंडे. वळलेल्या कानांची टोकं एकमेकांना टेकलेले मारवाडी, काठेवाडी, गुलाबी कातडीचे दुधासारखे नुकरे. इथे उंची इंचांत बोलतात. "बासष्ट", "चौसष्ट", एकाने तर "सहासष्ट" म्हणून मान ताठ केली. हलगी वाजली की मागच्या पायांवर उभी राहणारी, पायातल्या घुंगरांवर नाचणारी घोडी बघायला गर्दी लोटत होती. सुंदर जनावरं आहेत, त्यात वाद नाही. त्यांच्या अंगावरून हात फिरवताना मलाही सुख वाटलं.

पण मी शोधत होतो ती घोडी पन्नास इंचांच्या आसपासची.

सौदे अजून जुन्या रीतीने होतात. दोघांच्या हातांवर रुमाल पडतो, आत बोटं दाबली जातात, चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही. त्याआधी जनावराचं तोंड उघडून दात पाहायचे. अडीच वर्षांचं होताना मधली दुधाची जोडी पडून पक्के दात येतात, साडेतीनला त्यांच्या शेजारची, साडेचारला कडेची. पाचव्या वर्षी तोंड पुरं भरतं. पुढे दातांच्या माथ्यावरचा काळा खळगा झिजत जातो आणि त्यावरून वय ताडायचं. मग अंगावरच्या केसांचे भोवरे. गळ्यावर देवमण हा भोवरा असेल तर किंमत चढते. डोळ्याखाली आसूढाळ असेल तर गिऱ्हाईक दुसऱ्या घोड्याकडे वळतं, कारण ते घोडं धन्याच्या डोळ्यांत पाणी आणतं असा समज आहे.

पाकोळीच्या डाव्या डोळ्याखाली आसूढाळ होता.

आबा वैद्य होते. मन्याड नदीकाठचं आमचं गाव तेव्हा पावसाळ्यात चार महिने तुटायचं. काळी माती एकदा भिजली की बैलगाडीचं चाक आसापर्यंत रुतायचं. आबांना तर आठवड्याच्या बाजारागणिक गावं फिरायची असत, बाळंतीण असो की विंचू उतरवायचा असो. त्यांचं म्हातारं घोडं गेलं आणि ते आम्हा दोघांना घेऊन माळेगावला आले. अक्का बाराची, मी नवाचा. रांगेच्या पार टोकाला एका धनगराची कुमेद, म्हणजे तांबूस रंगाची, घोडी उभी होती. अंगाने बुटकी, पोट जरा सुटलेलं, मागचा एक पाय पांढरा, आणि हा भोवरा. कुणी जवळ उभं राहत नव्हतं. आबांनी दात पाहिले, चारही खूर उचलून नखांनी वाजवून पाहिले. काळे, टणक खूर. मग तिला दगडांच्या पट्ट्यातून चालवत नेलं. शेवटी तिच्यावर बसले, पाण्याने भरलेला तांब्या हातात घेतला आणि तिला रेवाळ चालीवर, म्हणजे पाठ न हलवता झरझर पडणाऱ्या चालीवर, सोडलं. परत आले तेव्हा धोतराला एक थेंब लागला नव्हता.

"भोवरा?" धनगरानेच विचारलं. लपवलं नाही त्याने.

"मी रोज लोकांच्या डोळ्यांतलं पाणी पुसायला जातो. तिला माझ्याकडंच यायला पाहिजे," आबा म्हणाले.

रुमाल पडला नाही. तोंडी सौदा झाला आणि दोन मुक्काम करत आम्ही तिला घरी नेलं. वाटभर अक्का तिच्या पाठीवर आणि मी कासरा धरून पुढे. कधी पुढे कासरा आबांच्या हाती, आम्ही दोघंही वर.

शनिवार : पुन्हा बाजारात

सकाळी बाजाराची वेगळीच घाई असते. तोबऱ्यात दाणा, खराऱ्याचा आवाज, धुराचा वास. आज अक्काने सूत्रं हातात घेतली. दर रांगेत ती एकच विचारायची, "लहान चणीची, कामाची घोडी आहे का?"

एका व्यापाऱ्याने तिला बसायला बाज दिली, चहा मागवला आणि मनापासून समजावलं. "तट्टू आता कोण घ्यायलंय अक्का? वरातीत उभं केलं तर नवरदेवाचे पाय भुईला टेकतेत. रस्ते झाले, मोटारसायकली झाल्या. घोडं आता हौसेचं, नाहीतर लग्नाचं. तुम्हाला कामून पाहिजे?"

अक्काने त्याला कामून ते सांगितलं. सगळंच सांगितलं. मी ऐकत राहिलो, कारण त्यातलं बरंच माझ्याही डोक्यातून सुटलं होतं.

पाकोळीवर आम्ही खोगिराविना बसायला शिकलो. पाठीवर घोंगडी, तोंडात लगाम नाही, नुसती मोहरकी, तोंडाभोवतीची दोरी. आबांचा दंडकच होता: पाठीवर नीट बसता येईतो लोखंड तिच्या तोंडात घालायचं नाही. तोल सांभाळायला लगाम ओढला की घोड्याचं तोंड कठीण होतं आणि ते नासलं की कायमचं नासलं. म्हणून मांड्यांनी धरायचं, कंबर सैल सोडायची, नजर दोन कानांमधून पुढे. दुडकीवर हाडं खिळखिळी व्हायची. रेवाळ लागली की मात्र खाली नदी वाहतेय आणि आपण वर बसलोय असं वाटे. ही चाल काही घोड्यांच्या अंगात जन्मतःच असते, काहींना शिकवतात. पाकोळी ती घेऊनच आली होती. डोंगराळ वाटेवर, पाठीवर बिऱ्हाड लादून दिवसभर चालणाऱ्या घोड्यांत ती पिढ्यान्‌पिढ्या उतरलेली असणार.

तिचं खाणं काय? ज्वारीचा कडबा तोडून, संध्याकाळी भिजवलेला हरभरा, श्रावणानंतर बांधावरचं गवत. कोरडा हरभरा आबा कधीच घालू देत नसत. घोड्याला ओकारी येत नाही. आत गेलेलं पुढेच सरकायला हवं, आणि ते अडलं की पोटशूळ उठून जनावर हातचं जातं. हे आम्ही एका रात्री पाहिलं. दावं सुटून ती कुणाच्या तरी खळ्यात जाऊन पोटभर दाणे खाऊन आली. मध्यरात्री पाय आपटू लागली, मान वळवून कुशीकडे पाहू लागली, मग लोळण घ्यायला गेली. आबांनी ओवा, हिंग आणि तिळाचं तेल पाजलं आणि तिला बसू न देता अंगणात चालवायला सुरुवात केली. आबा थकले की अक्का, अक्का थकली की मी. मी तिच्या पोटाला कान लावून ऐकायचो. आत सगळं गप्प होतं. गावातल्या कितीतरी माणसांच्या उशाशी बसलेले आबा त्या रात्री काहीच बोलले नाहीत. उजाडता उजाडता तिने लीद टाकली. त्या लिदीला पाहून अक्का रडली, आबांनी तिथेच जमिनीवर बसून पाणी मागितलं, आणि आईने चुलीवर सगळ्यांसाठी चहा ठेवला. घरात मुलांना चहा मिळत नसे. त्या दिवशी मिळाला.

व्यापारी चहाचा कप हातात धरून तसाच ऐकत होता. मग हळूच म्हणाला, "अक्का, तसली घोडी बाजारात येत नाही आता. धनगरांकडंच हाय ती. आन् ते विकत नाहीत."

दुपारी लाल कंधारी आणि देवणी जनावरांकडेही जाऊन आलो. लाल कंधारी आमच्या कंधारची, देवणी लातूरकडची, दोन्ही या मातीतल्या. त्यांची निवड होते, बक्षिसं मिळतात, माणसं अभिमानाने वळू मिरवतात. इथल्या घोड्याच्या वाट्याला हे यायला फार उशीर झाला. भीमथडी, म्हणजे याच दख्खनी घोड्याची, स्वतंत्र जात म्हणून नोंद आता कुठे झाली. त्याआधी आपण त्याला नुसतं तट्टू म्हणून मोकळे होत होतो.

रविवार : कंधार आणि आमचं रान

लोह्यावरून कंधारला आलो. किल्ल्याच्या खंदकापाशी जरा थांबलो. राष्ट्रकूटांच्या काळापासूनचं हे गाव, आणि जगत्तुंग समुद्र म्हणतात तो तलावही त्यांच्याच काळातला. लहानपणी नालबंदाकडे यायचो ते इथेच. काळ्या मऊ रानात मागच्या पायांना नाल लागत नसे, पुढच्या दोनच पायांना मारून घ्यायचो. पावसाळ्यात खुरांच्या खाचांत चिखल कुजायचा म्हणून रोज खूर कोरून तुरटीच्या पाण्याने धुवायचं काम माझ्याकडे होतं. चुलतभावाच्या घरी जेवण केलं आणि रानाकडे निघालो.

घरी आल्यावर पाकोळीला दोन शिंगरं झाली. पहिलं झालं त्या रात्री आबांनी आम्हाला गोठ्याकडे फिरकू दिलं नाही. घोडी अकरा महिने पोटात वागवते आणि व्यायचा वेळही जणू स्वतः निवडते, बहुतेक रात्रीचा, आजूबाजूला कुणी नसताना. माणूस घुटमळलं तर ती थांबवून धरते. पहाटे गेलो तर शिंगरू उभं होतं. काटक्यांसारखे लांब पाय फाकवून, ओलं, आईच्या कुशीला डोकं घुसळत. त्याच सकाळी पाकोळीने मला पहिल्यांदा दात दाखवून मागे सारलं. मला वाईट वाटलं नाही. आबांनी सांगितलंच होतं की आज तिच्याकडे काही मागू नकोस.

मग रस्ता आला. आधी खडी, मग डांबर, मग एसटी. पलीकडच्या गावात सरकारी दवाखाना झाला. आबांचे गुडघे गेले. अक्काचं लग्न झालं, मी शिकायला परभणीला गेलो. पाकोळी गोठ्यात उभी राहू लागली आणि आबांना ते सोसवेना. चालायला जन्मलेलं जनावर खुंट्याला उभं ठेवणं हे पाप, असं ते म्हणत. आमच्या रानात दरसाल खतासाठी मेंढ्या बसवायला धनगर यायचे. एका वर्षी त्यांचा वाडा, म्हणजे मेंढरांसकटचा मुक्काम, हलला तेव्हा आबांनी तिला त्यांच्याबरोबर दिली. पैसे घेतले नाहीत. मी दिवाळीला घरी आलो तेव्हा गोठा शेणाने सारवलेला होता आणि खुंटा उपटलेला. आबांवर मी बरेच दिवस रागावलो होतो. आज, त्यांच्या वयाच्या जवळ येताना, त्यांनी तिला योग्य माणसांकडे दिली असं मला पटलेलं आहे. ती पुन्हा चालत राहिली असणार. कोणत्या माळावर तिचा शेवट झाला ते आम्हाला कळलं नाही.

आणि आज आमच्या रानात वाडा उतरलेला होता! चुलतभाऊ हे बोललाच नव्हता. त्याच्या लेखी ते दरसालचंच. तुरीच्या शेजारच्या मोकळ्या पट्ट्यात मेंढरं, जाळीच्या आत कोकरं, तीन दगडांची चूल, आणि बाभळीखाली तीन घोडी. बाभळीकडे पाहून अक्का जागीच थांबली.

मधली कुमेद होती. पांढरा पाय नव्हता, भोवराही नव्हता, हे मी आधीच पाहून घेतलं. ती पाकोळीची कुणी लागते असं मी म्हणणार नाही. पण चण तीच. आखूड पाठ, रुंद कपाळ, जाड आयाळ, काळे खूर. पाठीवर खोगीर नाही, गोधड्यांची गादी. वाड्यातली कारभारीण सांगत होती: वाडा हलतो तेव्हा हिच्यावर भांडीकुंडी, पीठ, कोंबड्यांचं डालगं आणि त्याच दिवशी जन्मलेली कोकरं बांधतात. वर एखादं पोर. पुढे बाया घोडी घेऊन मुक्कामाला जातात, मागून पुरुष मेंढरं चारत येतात.

"बसू का?" अक्काने विचारलं. तिने साठी ओलांडली आहे. मी काही म्हणायच्या आत कारभारणीने घोडी बांधाशी आणून उभी केली होती.

"बसा की. फकस्त दोरी वढू नका. ती बोलण्यावर चालती."

अक्काने साडीचा ओचा खोचला, बांधावरून पाय टाकला आणि बसली. खांदे सैल, नजर कानांमधून पुढे. तिने जिभेने तोच आवाज केला, आबा करायचे तो. घोडी चार पावलं साधी चालली आणि मग तिचं अंग बदललं. डोकं जरा वर, पाय झरझर, पाठ मात्र स्थिर. रेवाळ. तुरीच्या कडेने अक्का विहिरीपर्यंत गेली, वळली, परत आली. धनगराची लहान मुलगी तिच्याबरोबर धावत होती. मी माझ्या अक्काला इतकं मोठ्याने हसताना फार वर्षांनी ऐकलं.

मग मी बसलो. त्याबद्दल लिहायचं तर एवढंच की गुडघ्यांना सगळं आठवत होतं.

विकणार का, हे विचारायचं अक्काने टाळलं. तिने विचारलं, "गाभण दिसते?"

"हौ. जेठात व्यायची."

"शिंगरू दिलं तर आम्ही सांभाळू. दूध तुटल्यावर."

कारभारीण नवऱ्याकडे पाहू लागली. तो बराच वेळ चुलीतला विस्तव सारत राहिला. मग म्हणाला, "बांधून ठेवायचं असलं तर देणार न्हाई. चालवायचं असलं तर बगू."

सोमवार : नांदेड

परतीच्या वाटेवर नांदेड. तख्त सचखंड हजूर साहिबमध्ये माथा टेकला. गुरू गोविंदसिंगजींनी 1708 मध्ये इथे देह ठेवला आणि आजचं मंदिर महाराजा रणजितसिंगांनी 1832 ते 1837 या काळात बांधवलं. गुरुद्वाऱ्याची स्वतःची पागा आहे. गुरूंच्या घोड्याच्या वंशातली मानली जाणारी घोडी तिथे श्रद्धेने सांभाळतात, आणि दसऱ्याला व होलामोहल्ल्याला 'हल्ला' नावाची मिरवणूक निघते तेव्हा सजवलेला घोडा स्वाराविना पुढे चालतो. एका घोड्याची आठवण तीनशे वर्षं दाणापाणी घालून जिवंत ठेवायची, हे मला फार मोठं वाटतं. सेवेकरी खरारा करत होता. आम्ही बाजूला उभे राहून बराच वेळ ते पाहिलं.

बाहेर आल्यावर अक्काने दोन कामं वाटून घेतली. माळेगावच्या प्रदर्शनात लहान चणीच्या देशी घोड्यांसाठी वेगळा गट असावा, असं पत्र मी यात्रा भरवणाऱ्या जिल्हा परिषदेला लिहायचं. चालीची परीक्षा त्यात असावी, उंचीची नको, आणि तांब्याची रीत सविस्तर लिही, असंही तिने बजावलं. तिचं स्वतःचं काम तिने गाडीत बसायच्या आधीच सुरू केलं. अंबाजोगाईच्या शेतावरच्या सालगड्याला फोन लावून ती सांगत होती की यंदाचा ज्वारीचा कडबा विकायचा नाही, पत्र्याखाली रचून ठेवायचा, आणि विहिरीजवळच्या पट्ट्यातलं तारेचं कुंपण काढून टाकायचं, कारण तारेने शिंगराचे पाय फाटतात.